पाण्याची स्थळपाहणी

बँकेत नवा अधिकारी रुजू झाला की पहिल्या महिन्याभरातच त्याला एक धडा मिळतो. तारण कागदावर पाहायचे नसते, प्रत्यक्ष जाऊन पाहायचे असते. शेत असेल तर बांधावर उभे राहावे, विहीर असेल तर काठावरून आत डोकवावे, म्हैस असेल तर तिच्या कानातला बिल्ला वाचावा. मग शाखेत परत येऊन जो कागद लिहायचा त्याला स्थळपाहणी अहवाल म्हणतात. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी असे शेकडो अहवाल लिहिले. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, तर त्यांतही हे अहवालच वेष बदलून येतात असे माझे एक समीक्षक स्नेही म्हणतात. मी वाद घालत नाही. या शेकडो अहवालांपैकी एक मात्र मी न पाहताच लिहिला होता. त्याची गोष्ट ओघाने येईल.

निवृत्तीनंतर स्थळपाहणीशी असलेला संबंध संपला अशी माझी समजूत होती. ती मोडली अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरात, आणि मोडली माझ्या सात वर्षांच्या नातीने. अलीकडच्या एका हिवाळ्यात सौ. आणि मी लेकीकडे तिथे चार महिने होतो. एका सकाळी दात घासताना नात नळाकडे पाहत म्हणाली, ‘‘आजोबा, इथे तर पाऊसच पडत नाही. मग हे पाणी कुठून येतं?’’ मी तिच्या आईकडे पाहिले. आईने बापाकडे पाहिले. जावई संगणकातला इंजिनीअर. तो म्हणाला, ‘‘महापालिकेकडून.’’ नातीचे काही समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही.

फिनिक्स हे वाळवंटातले शहर आहे. वर्षाला पाऊस जेमतेम सात-साडेसात इंच. आपल्याकडे कोरडा समजला जाणारा धुळे जिल्हाही त्याच्या दुपटीहून अधिक पाऊस अनुभवतो. चहूकडे तपकिरी, उघडे डोंगर आणि त्यांवर दोन-तीन पुरुष उंचीचे निवडुंग हात वर करून उभे. उन्हाळ्याविषयी तर बोलायलाच नको. २०२३ च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा रोज ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या पुढे पोचत होता. आणि अशा जागी २०२० च्या शिरगणतीनुसार १६ लाख माणसे राहतात, शिवाय आसपासची उपनगरे वेगळीच. घरांसमोर हिरवळ आहे, संत्र्यांची झाडे फळांनी वाकलेली आहेत. हे चालते कशावर?

पहिले उत्तर मला मध्यरात्री मिळाले. वय झाले की झोप रात्री दोनला उघडते. खिडकीतून पाहतो तो शेजारच्या अंगणात एक पंचाहत्तरीचा म्हातारा, पायात गमबूट, हातात बॅटरी, वाकून काहीतरी फिरवतो आहे. चोर म्हणावे तर अंगण त्याचेच. पाहता पाहता त्याची सगळी हिरवळ पाण्याने भरली आणि घोटाभर पाण्यात चांदणे पडले. सकाळी मी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘माझी पाळी रात्री दोनची होती.’’

पाळी! वाचकहो, त्या शब्दाने मी थेट साक्री तालुक्यात पोचलो. रब्बीत पाण्याची पाळी आली की कंदील घेऊन रात्री बारे धरायला निघालेले शेतकरी माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. फिनिक्सच्या जुन्या वस्त्यांत आजही कालव्याचे पाणी पाटापाटाने अंगणापर्यंत येते आणि ज्याची त्याची वेळ ठरलेली असते. मुख्य कालव्याचे दरवाजे उघडणाऱ्या माणसाला तिथे ‘सान्हेरो’ म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश, ‘सान्हा’ म्हणजे चर. चराचा राखणदार तो सान्हेरो. आपल्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत हेच काम करणाऱ्याला पाटकरी म्हणतात. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड, एका फडात एकच पीक, आणि कोणाला किती वेळ पाणी हे पाटकऱ्याने ठरवायचे. शेकडो वर्षांची ही रीत. अमेरिकेत पाटकरी भेटेल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

त्या म्हाताऱ्यानेच दुसरी वाट दाखवली. ‘‘नातीला पाणी दाखवायचे आहे ना? मग धबधब्यावर घेऊन जा.’’ वाळवंटात धबधबा! मला वाटले म्हातारा थट्टा करतो आहे.

संध्याकाळी आम्ही दोघे चालत निघालो. रस्त्याचे नाव इंडियन स्कूल रोड. मी नातीला ऐटीत सांगितले, ‘‘बघ, आपल्या लोकांची शाळा असणार इथे.’’ ही माझी समजूतही पुढे मोडायची होती. रस्त्याच्या कडेला ॲरिझोना कालवा वाहतो. दोन्ही बाजूंना सपाट मातीचे रस्ते, मधे सिमेंटच्या अस्तरातून संथ जाणारे हिरवट पाणी. चालता चालता आधी आवाज आला, मग गारवा आला आणि मग ती जागा दिसली.

इथे कालवा एकदम वीस फूट खाली उतरतो. त्या उतारावर दोघा कलावंतांनी एक जागा रचली आहे. तिला शिल्प म्हणावे तर कुठे पुतळा नाही, इमारत म्हणावी तर छप्पर थोडे आणि भिंती पाण्याच्या. आपण पुलासारख्या सावलीच्या ओट्यावरून आत जातो. खाली एक मोकळी खोली आहे. तिच्या भिंतींवरून पाण्याचे पडदे कोसळतात, मधे बसायला मोठमोठे दगड मांडले आहेत. जुन्या वीजघराची दातेरी लोखंडी चाके जपून ठेवली आहेत. पायाखालच्या फरशीत आल्बेर्तो रीओस या ॲरिझोनाच्याच कवीचे शब्द कोरले आहेत. बोललेले ऐकू येत नाही इतका पाण्याचा नाद. नात एका दगडावर बसली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. बऱ्याच वेळाने ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, ‘‘हेच पाणी का आपल्या नळाचं?’’

या जागेचे नाव ‘वॉटरवर्क्स ॲट ॲरिझोना फॉल्स’. लायोश हेडर आणि मॅग्ज हॅरिस हे तिचे कलावंत, आणि ती २००३ मध्ये पुरी झाली. कलावंतांनी इथे बाहेरून आणून काही ठेवले नाही. होते तेच उघडे केले. कालवा खणला गेला १८८३ ते १८८५ या काळात. तेव्हापासून हा उतार म्हणजे गावाची सहलीची जागा होती. लोक डबे घेऊन यायचे, पोहायचे, नाचायचे. १९०२ मध्ये इथे फिनिक्समधले पहिले जलविद्युत केंद्र उभे राहिले. १९५० मध्ये ते बंद पडले, कुंपण आले, आणि पन्नास वर्षे ती जागा लोकांच्या नजरेआड गेली. पुढे महापालिकेचा कला विभाग, कालवे चालवणारी ‘साल्ट रिव्हर प्रोजेक्ट’ ही संस्था आणि आसपासचे रहिवासी एकत्र आले आणि धबधबा पुन्हा लोकांचा झाला. त्याच पाण्यावर आज जनित्रही फिरते, ७५० किलोवॅटचे, सुमारे दीडशे घरांना पुरेल इतके. सोळा लाखांच्या शहरात दीडशे घरे म्हणजे काहीच नाही. पण आपल्या दिव्यातली वीज कशी होते हे तिथे पोराला बोट दाखवून सांगता येते, ही गोष्ट लहान नव्हे.

पैसे कुठून आले हा बँकवाल्याचा प्रश्न मी विचारल्याशिवाय कसा राहीन? १९८६ मध्ये फिनिक्सने नियम केला की नगरपालिकेच्या बांधकामांवर जो खर्च होईल त्याच्या एक टक्क्यापर्यंतची रक्कम सार्वजनिक कलेसाठी काढायची. म्हणजे पूल बांधा, जलवाहिनी टाका, पण शंभरातला एखादा रुपया अशासाठी की माणसाला ते काम दिसावे, कळावे आणि तिथे थांबावेसे वाटावे.

पण मला जास्त रस वाटला तो त्याआधीच्या एका कर्जव्यवहारात. साल्ट नदीचा स्वभाव लहरी. एका वर्षी महापूर, पुढची दोन वर्षे कोरडी. शेतकरी धरण मागत होते आणि धरणाला पैसा नव्हता. १९०२ मध्ये अमेरिकन सरकारने कोरड्या प्रदेशांत धरणे बांधायला कर्ज देण्याचा कायदा केला. पण तारण काय? तेव्हा या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी १९०३ मध्ये संघ स्थापन केला आणि आपल्या जमिनी, सुमारे दोन लाख एकर, एकत्रितपणे सरकारकडे गहाण टाकल्या. एकाचे शेत दुसऱ्याच्या पाण्याला तारण. त्यातून दगडी रूझवेल्ट धरण उभे राहिले. १९११ मध्ये त्याचे उद्घाटन करायला खुद्द थिओडोर रूझवेल्ट आले होते. ते कर्ज १९५५ मध्ये फिटले. ज्या जमिनी तेव्हा गहाण पडल्या, त्यांना आजही त्या पाण्याचा हक्क आहे. माझ्या शेजाऱ्याचे अंगण त्यांपैकीच एक. रात्री दोन वाजता तो जो दांडा फिरवतो त्याला एवढा मोठा इतिहास चिकटलेला आहे, आणि त्याला तो ठाऊक आहे. आमच्या शाखेत कर्ज घेणारे दोन सख्खे भाऊ एकमेकांना जामीन राहायला तयार नसत, ते आठवून मला त्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना हात जोडावेसे वाटले.

हात मात्र एवढ्यात जोडायचे नव्हते. हिशेब अजून अर्धाच झाला होता.

विमानतळाच्या अगदी लगत ‘सेदव वाकी’ नावाचे संग्रहालय आहे. पूर्वी त्याला स्पॅनिश नाव होते, पुएब्लो ग्रांदे. २०२३ मध्ये तिथल्या मूळ ओओदम लोकांच्या भाषेतले नाव दिले गेले. तिथे मातीचे लांबच लांब दोन उंचवटे दिसतात आणि मधे खोलगट भाग. सांगितल्याखेरीज कळणार नाही, पण तो कालवा आहे. ज्यांना पुरातत्त्ववेत्ते होहोकाम म्हणतात त्या लोकांनी इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत, हजार वर्षे, या खोऱ्यात शेकडो मैल कालवे खणले आणि राखले. बैल नाही, चाक नाही, लोखंड नाही. लाकडी टोकदार काठ्या, दगडी फाळ आणि माती वाहायला टोपल्या. मैलाला एक-दोन फुटांचा उतार त्यांनी नुसत्या नजरेने साधला. जास्त उतार दिला तर काठ धुपतात, कमी दिला तर गाळ साचतो. पंधराव्या शतकाच्या मध्याला ही वस्ती विस्कटली. पूर, दुष्काळ, जमिनीत साठलेले क्षार, आपसांतली भांडणे, कारणांवर अजून वाद आहेत.

१८६७ मध्ये जॅक स्विलिंग नावाचा एक गोरा माणूस इथे आला, त्याने हे बुजलेले चर पाहिले, कंपनी काढली आणि तेच साफ करून पाणी खेळवले. नव्या वसाहतीला नाव सुचवले डॅरेल डुप्पा याने: फिनिक्स. राखेतून उठणारा पक्षी. राख कोणाची, याची आठवण शहराच्या नावातच आहे. पण नाव रोज उच्चारले की त्याचा अर्थ ऐकू येईनासा होतो.

आणि ते लोक नाहीसे झाले म्हणावे, तर तसेही नाही. आकिमेल ओओदम म्हणजे ‘नदीची माणसे’, स्वतःला त्यांचे वंशज मानतात. दक्षिणेला हीला नदीच्या काठी त्यांची शेती इतकी चांगली होती की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात सोने शोधायला निघालेल्या गोऱ्या प्रवाशांना तेच गहू विकत. पुढे वरच्या अंगाला नवे वसाहतवाले आले, त्यांनी नदी आपल्या पाटांत वळवली आणि खाली नदीच्या माणसांकडे नदी पोचेना. पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्यांवर उपासमारीची वेळ आली. पाण्याच्या हक्कासाठी ते दशकानुदशके लढले, आणि २००४ मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून त्यांना मोठा वाटा मान्य केला.

आता इंडियन स्कूल रोडचे सांगतो. ती शाळा आपल्या लोकांची नव्हती. १८९१ पासून १९९० पर्यंत सरकारने चालवलेली ती मूळनिवासी मुलांची निवासी शाळा होती. घरापासून, भाषेपासून तोडून त्या मुलांना ‘सुधारायचे’ अशा हेतूने ती काढलेली. हे कळले त्या दिवशी मी नातीजवळ माझी चूक कबूल केली. ती म्हणाली, ‘‘मग त्यांना धबधबा माहीत होता का?’’ मला उत्तर देता आले नाही.

धबधब्यापाशी नुसते बसून ही सगळी कहाणी कळत नाही, हे खरे आहे. त्यासाठी संग्रहालयात जावे लागते, पुस्तके उघडावी लागतात. मग अशा कलेचा उपयोग काय? हा प्रश्न मी मनाशी बरेच दिवस घोळवला. नोव्हेंबरात जवळच्या स्कॉट्सडेल गावात याच कालव्यावर ‘कॅनल कन्व्हर्जन्स’ नावाचा दहा रात्रींचा उत्सव असतो. पाण्यावर तरंगती दिव्यांची शिल्पे, रंग, संगीत, आणि काठावर जत्रेसारखी गर्दी. सौ. ला फार आवडले. मला आधी वाटले, हा तर पाण्याच्या नावाने दिव्यांचा बाजार. पण तिथेच पाओलो सोलेरी या वास्तुकाराचा २०१० मधला पादचारी पूल आहे. चौसष्ट फुटी दोन खांब, मधे चिंचोळी फट. सूर्य माथ्यावर आला की त्या फटीतून उन्हाची एक पट्टी पुलावर पडते आणि ऋतूप्रमाणे तिची लांबी बदलते. कालव्यावर उभे राहून सूर्याचा हिशेब ठेवायचा! उत्सवाच्या गर्दीतले एक कुटुंब त्या पुलाच्या कठड्याला टेकून खाली पाण्याकडे पाहत होते आणि बाप पोराला सांगत होता की हे पाणी डोंगरावरच्या बर्फाचे आहे. मी माझे मत थोडे मागे घेतले.

खरे उत्तर मिळाले ते जानेवारीत. डागडुजीसाठी हिवाळ्यात कालव्याचे टप्पे आळीपाळीने कोरडे करतात. एके दिवशी आम्ही गेलो तर धबधबा बंद! पाण्याचे पडदे नाहीत, नुसत्या ओल्या भिंती. कालव्याच्या तळाशी चिखल, त्यात बाजारातली एक ढकलगाडी, टायर, सायकल. शेवाळ खाण्यासाठी सोडलेले मोठाले मासे आधीच पुढच्या भरल्या टप्प्यात हाकलून नेलेले. रोजची फिरायला येणारी माणसे मात्र आलेली होती. ती कठड्याशी थांबत, खाली पाहत आणि काहीच न बोलता पुढे जात. नात म्हणाली, ‘‘आजोबा, पाणी संपलं?’’ मी म्हटले, ‘‘नाही, येईल.’’ पण तिच्या प्रश्नाने आसपासची दोन-तीन डोकी वळली. त्यांना मराठी येत नव्हते, तरी प्रश्न कळला होता.

कारण तो प्रश्न त्या शहराच्या मनात आहेच. साल्ट आणि व्हर्डी या नद्यांखेरीज फिनिक्सला कोलोरॅडो नदीचे पाणी येते, तेही ३३६ मैल लांबीच्या कालव्यातून, चढावर पंपांनी उचलून. त्या नदीवर अधिकृत पाणीटंचाई पहिल्यांदा जाहीर झाली ऑगस्ट २०२१ मध्ये, आणि ॲरिझोनाचा वाटा कापला गेला. जून २०२३ मध्ये राज्याने सांगितले की फिनिक्सच्या परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना आता परवानगी मिळणार नाही. या बातम्या सगळे वाचतात. वाचून विसरतात. पण रोज ज्या काठाने फिरायला जायचे तिथला नाद एक दिवस थांबला, की ती बातमी अंगावर येते.

असे पाहण्याची सोय त्या शहराने मधल्या काळात गमावली होती. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कालव्यांना सिमेंटचे अस्तर आले, पाणी पितात म्हणून काठावरची मोठी झाडे तोडली गेली, घरोघर थंड हवेची यंत्रे आली आणि सगळ्या घरांनी कालव्याकडे पाठ करून भिंती घातल्या. पाण्याची गळती थांबली, हे चांगलेच झाले. पण मुलांना पाणी दिसेनासे झाले. ज्या शहराला आपले पाणी दिसत नाही ते तोटी फिरवते आणि महापालिकेचे नाव घेते. आमच्या जावयासारखे! कलावंताने तिथे केले ते एवढेच की भिंतीला दार पाडले आणि बसायला दगड मांडला. गावाला स्वतःच्या पाण्याची स्थळपाहणी करता यावी, म्हणून. पुढचा अहवाल ज्याचा त्याने लिहायचा.

आता माझा तो अहवाल.

सन १९८७. मी साक्री तालुक्यातल्या एका शाखेत होतो. मार्च अखेर, टेबलावर विहिरींची चाळीस प्रकरणे आणि उद्दिष्ट पुरे करायचा तगादा. त्यातले एक पांझरेपासून लांब, माळावरच्या एका शेतकऱ्याचे. सगळे कागद बरोबर होते. जीप बंद होती. मी त्या शेतावर न जाताच ‘जागा पाहिली, पाण्याची शक्यता चांगली’ असे लिहिले आणि सही केली. चाळीस फुटांवर काळा कातळ लागला. पाणी नाही. मी जागेवर गेलो असतो तर शेजारच्या दोन कोरड्या विहिरी मला बांधावरूनच दिसल्या असत्या. त्या माणसाने कर्ज बुडवले नाही. आधी बैलजोडी विकली, मग दोन एकर जमीन विकली आणि सहा वर्षांत सारे फेडले. शेवटचा हप्ता भरायला आला तेव्हा काउंटरवर हात टेकून त्याने एवढेच विचारले, ‘‘साहेब, तुम्ही तेव्हा विहिरीची जागा पाहायला आले होते का?’’ मी म्हणालो, ‘‘हो.’’ त्याने मान हलवली आणि पावती घेऊन गेला.

माझ्या एकाही कादंबरीत मी हे लिहू शकलो नाही.

फिनिक्सहून परतल्यावर पहिल्या महिन्यात मी आधी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला गेलो. तिथली पाणचक्की आयुष्यात चारदा तरी पाहिली असेल, सहलीच्या डोळ्यांनी. डोंगरातून मातीच्या नळांनी आलेले पाणी उंचावरून हौदात पडते आणि त्याच्या जोरावर जाते फिरायचे. अठराव्या शतकात ज्यांनी ही रचना केली, त्यांना पाणी लोकांच्या समोरून वाहिले पाहिजे हे ठाऊक होते. आणि त्याआधी सतराव्या शतकात मलिक अंबरने याच गावाला जमिनीखालून नहर खेळवली होती. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांपर्यंत पाणी आले. त्या हौदांवरून आपण रोज ये-जा करतो. यांपैकी किती जागी बसायला एक दगड आहे? नातवंडांना घेऊन गेलो तर तिथे थांबून सांगता येईल अशी किती ठिकाणे आपण राखली आहेत? लाखो रुपयांची कारंजी चौकाचौकांत उभी राहतात आणि बहुतेक बंद असतात. त्या पैशात एक जुना हौद धुऊन, त्याला पायऱ्या आणि सावली करून देता येणार नाही काय? कलावंत आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना पुतळ्यांखेरीज दुसरे काम कोणी सांगत नाही.

तिथून मी साक्रीकडे गेलो. पांझरेवरचा बंधारा पाहिला, पाटाच्या कडेने चाललो. मग माळावरच्या त्या गावी. तो शेतकरी गेल्याला बारा वर्षे झाली होती. मुलगा पन्नाशीचा. त्याने मला ओळखले नाही. कोणत्या बँकेचा कोण साहेब, त्याला कशाला आठवेल? मी म्हणालो, ‘‘तुमची ती विहीर पाहायची आहे.’’ तो म्हणाला, ‘‘तिच्यात पाणी नाही, साहेब.’’ मी म्हणालो, ‘‘माहीत आहे. तरी पाहायची आहे.’’

तो पुढे, मी मागे, असे आम्ही बांधाने गेलो. काठावर बाभूळ वाढली होती. मी वाकून आत पाहिले. चाळीस फूट खाली कातळ कोरडा होता आणि त्यावर पहारीच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. मग मी त्या मुलाला सगळे सांगितले, १९८७ ची सही आणि तो ‘हो’ सुद्धा. तो बराच वेळ विहिरीकडे पाहत राहिला. शेवटी म्हणाला, ‘‘बाबांना कळलं होतं. ते म्हणायचे, साहेब आला असता तर त्यानं चहा तरी घेतला असता आपल्या घरी.’’

त्या दिवशी मी तो चहा घेतला. रात्री फोनवर नातीने विचारले, ‘‘आजोबा, आज काय पाहिलंत?’’ मी तिला विहिरीचे सांगितले, पहारीच्या खुणांचेही. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘मी आले की मला दाखवाल?’’